५१ मतांत कायदा होतो, मग ५५ मतांत सरकार बंद कसं पडतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुलै २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाने करकपातीचं ते अवाढव्य विधेयक सिनेटमधून ५१ विरुद्ध ५० अशा काठावरच्या मतांनी पार करून घेतलं. राष्ट्राध्यक्ष तेच, दोन्ही सभागृहांतलं बहुमत तेच, आणि तरी तीन महिन्यांनी, १ ऑक्टोबरला, सरकार बंद पडलं ते थेट ४३ दिवस. तुम्ही नोकरी बदलायच्या बेतात होतात, एच-१बी या कामाच्या व्हिसाचे कागद तयार होते आणि नेमकं मजूर खात्याचं पोर्टलच बंद. "बहुमत असून यांना साधं बजेट पास करता येत नाही का?" असं तुम्ही विचारलंय.

मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाची वॉशिंग्टनमधली कामं बघते. संशोधनाचा पैसा कुठल्या विधेयकाच्या कुठल्या ओळीत आहे, तो कोण कापायला निघालंय आणि आमच्या प्राध्यापकांच्या हातात कधी पडेल, हे सांगणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. मी वकील नाही. त्यामुळे व्हिसाबद्दल शेवटी जे लिहिलंय ते तुमच्या वकिलाला दाखवूनच धरा.

आता मूळ मेख. तुम्ही ज्याला बजेट म्हणताय तसं एकच विधेयक अमेरिकेत नसतं. भारतात अर्थमंत्री १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडतात, मागण्यांवर थोडी चर्चा होते, उरलेल्या मागण्या गिलोटिन लावून एकदम मंजूर होतात आणि विनियोजन विधेयक पास होतं. ते लोकसभेत पडलं तर सरकारच पडलं, म्हणून ते पडत नाही. राज्यसभा धन विधेयक १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. अमेरिकेत यातलं काहीच नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून आलेला असतो. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याचा पैशाचा प्रस्ताव केराच्या टोपलीत टाकला तरी त्याची खुर्ची हलत नाही. सिनेट हे वरिष्ठ सभागृह पैशाच्या बाबतीत हाऊसच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, जवळपास तोलामोलाचं आहे. आणि पैशाचे निर्णय तीन वेगळ्या वाटांनी होतात. कोणत्या वाटेवर किती मतं लागतात, हे कळलं की जुलै आणि ऑक्टोबर यांत विसंगती उरत नाही.

पहिली वाट कायमच्या कायद्यांची. सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन), मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा), मेडिकेड (गरिबांचा आरोग्यविमा) यांचा खर्च आणि जवळजवळ सगळी करव्यवस्था कायद्यात बसलेली आहे. दर वर्षी कोणी मत दिलं नाही तरी पैसे जात-येत राहतात. दुसरी वाट वार्षिक खर्चमंजुरीची: संरक्षण, विमानतळांवरची सुरक्षा, न्यायालयं, राष्ट्रीय उद्यानं, संशोधन आणि तुमचं मजूर खातं. तिसरी वाट कर्जमर्यादेची. २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारने सुमारे पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च केले. त्यातला दुसऱ्या वाटेचा वाटा १.८ लाख कोटींच्या आसपास, म्हणजे पाव हिश्शाहून थोडा जास्त. नुसतं व्याजच त्या वर्षी संरक्षणावरच्या खर्चाच्या पुढे गेलं. शटडाऊनचं सगळं नाट्य या पाव हिश्शावर चालतं. तूट मात्र मुख्यतः उरलेल्या पाऊण हिश्शात आणि करांत ठरते. टीव्हीवर दोन्हींचा काला करून वाढतात, म्हणून माणूस गोंधळतो.

वार्षिक वाटेचं वेळापत्रक १९७४ च्या कायद्याने आखलं. निक्सन यांनी काँग्रेसने मंजूर केलेला पैसा अडवून ठेवायला सुरुवात केली, त्यावर उतारा म्हणून तो कायदा आला. त्याच कायद्यातून दोन्ही सभागृहांच्या अर्थसंकल्प समित्या आणि हिशेब मांडणारं सीबीओ हे स्वतंत्र कार्यालय उभं राहिलं. कागदावर सगळं सुरेख आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी राष्ट्राध्यक्षांचा प्रस्ताव, १५ एप्रिलपर्यंत काँग्रेसचा अर्थसंकल्पी ठराव, मग बारा उपसमित्यांची बारा विधेयकं, आणि १ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष. प्रत्यक्षात अशी सगळी विधेयकं वेळेवर मंजूर झाली ती १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७ या आर्थिक वर्षांत. अर्ध्या शतकात चार वेळा.

राष्ट्राध्यक्षांच्या प्रस्तावाबद्दल एक सांगते, कारण दर वर्षी आमच्याकडे त्यावरून रडारड होते. प्रस्ताव आला की विभागप्रमुखांचे फोन सुरू: "एवढी कपात? आता नव्या विद्यार्थ्यांना घ्यायचं की नाही?" माझं उत्तर ठरलेलं असतं. वाचा, पण त्यावरून कोणाला कामावरून काढू नका. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या प्रस्तावात राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा, सुमारे पाचवा हिस्सा कापायचं लिहिलं होतं. रिपब्लिकन बहुमताच्याच काँग्रेसने त्या वर्षी एनआयएचला ३ अब्ज डॉलर वाढवून दिले. २०२५ मध्ये कपातीचा आकडा ४० टक्क्यांच्या घरात होता, आणि सिनेटच्या खर्चमंजुरी समितीने जुलैअखेर ४० कोटी डॉलरची वाढ सुचवणारं विधेयक दोन्ही पक्षांच्या मतांनी पुढे पाठवलं. कारण साधं आहे. प्रत्येक सिनेटरच्या राज्यात एखादं मोठं वैद्यकीय महाविद्यालय किंवा रुग्णालय असतं, आणि ते त्याच्याच मतदारांना पगार देतं. प्रस्तावाचा उपयोग एवढाच, की प्रशासनाला काय नकोसं झालंय ते कळतं. ते कळणंही महत्त्वाचं आहे, पण वेगळ्या कारणाने. त्याकडे पुढे येते.

अर्थसंकल्पी ठराव हाही कायदा नसतो. त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही आणि एक डॉलरही त्यातून खर्च होत नाही. त्यातून खर्चमंजुरी समितीला एकूण रक्कम मिळते आणि ती समिती बारा उपसमित्यांत त्याचे वाटे करते. माझ्या कामात वर्षातला सगळ्यात मोलाचा कागद हा वाटणीचा. आरोग्य, शिक्षण आणि मजूर खात्यांच्या उपसमितीच्या वाट्याला कमी आलं की पुढे कितीही भेटीगाठी घ्या, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नवशिके लोक सभागृहातलं भाषण ऐकायला जातात. जुने लोक वाटणीचा कागद आणि विधेयकासोबतचा समितीचा अहवाल वाचतात. विधेयकात "एवढे डॉलर" एवढंच असतं; ते कशावर खर्च व्हावेत याची बारीक अपेक्षा अहवालात असते. अहवाल कायद्याने बंधनकारक नाही, पण पुढच्या वर्षी त्याच समितीपुढे हात पसरायचा असतो, म्हणून खाती आजवर तो पाळत आली.

आता सिनेट. घोडं पेंड खातं ते इथे. हाऊसमध्ये बहुमतवाल्यांचा शब्द चालतो: नियम समिती चर्चा किती, दुरुस्त्या कोणत्या हे आधीच ठरवते आणि साध्या बहुमताने विधेयक निघतं. सिनेटमध्ये चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात. ही अट राज्यघटनेत नाही. ती सिनेटच्या २२ व्या नियमात आहे. चर्चा बंद करण्याची सोय १९१७ मध्ये आली तेव्हा दोन-तृतीयांश मतं लागत, १९७५ मध्ये ती तीन-पंचमांशावर आली. नेमणुकांसाठी ही अट २०१३ आणि २०१७ मध्ये मोडीत काढली गेली, विधेयकांसाठी राहिली. पूर्वीसारखं रात्रभर उभं राहून भाषण ठोकायची गरजही उरलेली नाही. ४१ जण "आम्ही तयार नाही" म्हणाले की काम थांबलं. शिवाय वेळ जातो तो वेगळाच. विधेयक चर्चेला घ्यायचं का, यावरच पहिलं मतदान. त्याला विरोध असेल तर चर्चाबंदीचा अर्ज, मध्ये एक दिवस सोडायचा, मतदान, नंतर ३० तासांपर्यंतची मुभा. मग मूळ विधेयकावर पुन्हा तेच गुऱ्हाळ. एकेक विधेयक आठवडा खातं. बारा विधेयकं, नेमणुका, ऑगस्टची सुट्टी: गणित बसतच नाही.

म्हणून सप्टेंबर संपत आला की तात्पुरत्या मुदतवाढीचं विधेयक येतं. इथे सगळे त्याला सीआर म्हणतात. भारतातल्या लेखानुदानाची आठवण होईल, पण हा मामला जास्त कंजूष असतो. त्याच्या पहिल्या कलमात गेल्या वर्षीच्या कायद्यांची यादी असते आणि लिहिलेलं असतं की त्याच दराने चालू ठेवा. पुढच्या एका कलमात नवी कामं सुरू करायला मनाई. मग शेवटी अपवादांची लांबलचक शेपटी: अमुक खात्याला एवढे जास्त, तमुक योजनेची मुदत वाढवली. हे अपवाद बहुतेक व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या यादीतून येतात, आणि आमच्यासारख्यांची धावपळ त्या यादीत एक ओळ घुसवण्यासाठी असते. सीआर म्हणजे "काही बदललं नाही" असं बाहेरून वाटतं. आतून बघा. एनआयएच अशा काळात चालू ग्रँटचं पुढचं वर्ष साधारण ९० टक्क्यांपर्यंतच देते, उरलेले पक्की रक्कम ठरल्यावर. म्हणजे प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) असतील तर एकाचा करार तीन महिन्यांचा करून ठेवायचा. ही झळ बातम्यांत येत नाही.

सीआरही झाला नाही तर शटडाऊन. याचं मूळ एका जुन्या कायद्यात आहे: मंजुरी नसताना सरकारी अधिकाऱ्याने खर्चाची जबाबदारी घेतली तर तो गुन्हा ठरतो. तरी १९८० पर्यंत मंजुरी चुकली तर खाती हळूच काम चालू ठेवत, मंजुरी येईलच या भरवशावर. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिलं की तसं चालणार नाही, बंद करावं लागेल. १९८१ मध्ये जीवित-मालमत्तेच्या रक्षणाचा अपवाद स्पष्ट केला. आजचं शटडाऊन या दोन कायदेशीर मतांतून जन्मलं. म्हणून विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी बिनपगारी कामावर येतात आणि कार्यालयातले कारकून घरी बसतात; मागचा पगार नंतर मिळेल याची तरतूद २०१९ च्या कायद्याने केली.

आणि इथेच तुमच्या पोर्टलचं कोडं सुटतं. शटडाऊन खात्यागणिक असतं, कारण विधेयकं बारा आहेत. २०१३ मध्ये एकही पास झालं नव्हतं, म्हणून मजूर खातं एच-१बीसाठी लागणारा एलसीए, म्हणजे कंपनीने पगार आणि कामाच्या अटींबद्दल भरून द्यायचा अर्ज, मंजूर करत नव्हतं. २०१८-१९ चं शटडाऊन ३५ दिवसांचं, त्या वेळचं सर्वांत लांब. तरी एलसीए रोज निघत होते. का? बारापैकी पाच विधेयकं आधीच मंजूर होती आणि त्यात मजूर खात्याचं होतं. २०२५ मध्ये पुन्हा पाटी कोरी. म्हणून १ ऑक्टोबरपासून काम थांबलं ते महिनाअखेरीपर्यंत. इमिग्रेशन खातं मात्र अर्जदारांच्या फीवर चालतं, म्हणून ते उघडं होतं. तुमचा अर्ज स्वीकारायला एक खिडकी उघडी, पण तिथे लागणारा कागद देणारी दुसरी बंद, असा तो प्रकार.

मग जुलैचं विधेयक ५१ मतांत कसं गेलं? कारण ते रिकन्सिलिएशन नावाच्या खास वाटेने गेलं. हीही १९७४ च्याच कायद्याची देणगी. अर्थसंकल्पी ठरावातच समित्यांना सूचना द्यायची: तुमच्या कायद्यांत असे बदल करा की तूट एवढ्याने घटेल किंवा वाढेल. त्यातून आलेल्या विधेयकावर सिनेटमध्ये २० तासांची चर्चा, बस. चर्चा आपोआप संपत असल्याने ६० मतांचा प्रश्नच येत नाही. २०१७ ची करकपात, २०२१ चा कोविड मदतीचा कायदा, २०२२ चा हवामान आणि औषधांच्या किमतींचा कायदा, सगळे याच वाटेचे. २०२५ मध्ये कॉलिन्स, पॉल आणि टिलिस या तीन रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं, ५०-५० झाले आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मताने विधेयक तरलं.

पण या वाटेवर एक नाका आहे. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाचा नियम सांगतो की ज्या तरतुदीचा जमाखर्चाशी संबंध नाही, किंवा असला तरी तो नावापुरता आहे, ती इथून जाणार नाही. सोशल सिक्युरिटीला हात लावायचा नाही. ठरलेल्या वर्षांपलीकडे तूट वाढवायची नाही. निवाडा सिनेटच्या पार्लमेंटेरियनकडे, म्हणजे नियमांचा अर्थ लावणाऱ्या अधिकाऱ्याकडे. २०१२ पासून एलिझाबेथ मॅकडोनो त्या पदावर आहेत. मतदानाच्या आधीचे आठवडे दोन्ही पक्षांचे कर्मचारी त्यांच्यापुढे एकेक कलम घेऊन भांडतात, बंद दाराआड. २०२१ मध्ये १५ डॉलर किमान वेतन तिथे गळलं. त्याच वर्षी डेमोक्रॅट्सनी स्थलांतरितांना कायम वास्तव्याची वाट देणाऱ्या योजना तीन वेगळ्या रूपांत नेल्या, तिन्ही नाकारल्या गेल्या. ग्रीन कार्डची रांग एखाद्या रिकन्सिलिएशनमधून सुटेल असं तुम्हाला कोणी सांगितलं तर मी तरी त्यावर विसंबणार नाही.

याच्या उलट उदाहरण तुमच्या खिशाशी संबंधित आहे: परदेशी पैसे पाठवण्यावरचा कर. तो सरळसरळ महसूल, म्हणून या वाटेवर चपखल बसतो. हाऊसच्या समितीच्या मसुद्यात तो नागरिक नसलेल्यांच्या प्रेषणावर ५ टक्के होता. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत, घरी पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. हाऊसने पास करताना तो ३.५ टक्के झाला. सिनेटमधून बाहेर पडला तो १ टक्का, आणि तोही फक्त रोख, मनी ऑर्डर, कॅशियर्स चेक अशा साधनांनी पाठवलेल्या पैशांवर, १ जानेवारी २०२६ पासून. बँक खात्यातून पाठवलं तर नाही. मसुद्यातला आकडा पाहून घाईघाईने पैसे हलवणाऱ्यांना मी तेव्हाही हेच सांगत होते: हाऊसच्या समितीतलं कलम हे कलमाचं बालपण असतं.

तुम्ही म्हणाल, मग सगळाच खर्च ५१ मतांच्या वाटेने का नेत नाहीत? कारण वार्षिक खर्चमंजुरी त्या वाटेवर येत नाही. ती वाट कायमच्या कायद्यांत फेरफार करण्यासाठी आहे. तरी पळवाट निघतेच. जुलैच्या कायद्यात संरक्षणासाठी सुमारे १५० अब्ज डॉलर आणि सीमासुरक्षा-स्थलांतर यंत्रणेसाठी प्रचंड रक्कम थेट कायद्यातच घालून ठेवली, अनेक वर्षं पुरेल अशी. म्हणजे ऑक्टोबरमध्ये ज्या खात्यांची बहुमतवाल्यांना जास्त काळजी होती, त्यांची बेगमी आधीच झाली होती. शटडाऊनची धग सगळ्यांना सारखी लागली नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता ऑक्टोबरचं राजकारण, आणि इथे माझं मत आहे असं समजून वाचा. ६० मतांची अट नेहमीच होती; तडजोडी होत होत्या. त्या होत होत्या कारण दोन्ही बाजूंना शब्दाचा भरवसा होता. आम्ही मतं देतो, बदल्यात अमुक योजनेचे पैसे विधेयकात राहतील, आणि कायदा झाला की ते खर्च होतील. २०२५ मध्ये हा भरवसाच उखडला. मार्चमध्ये उरलेल्या वर्षासाठीच्या सीआरला सिनेटमधले डेमोक्रॅट नेते शुमर यांच्यासह काही डेमोक्रॅट्सनी चर्चाबंदीसाठी मतं दिली, ६२-३८. त्यावरून त्यांच्याच पक्षात त्यांची सालटी निघाली. जुलैमध्ये रिपब्लिकनांनी १९७४ च्याच कायद्यातला एक सोपा रस्ता वापरून सुमारे ९ अब्ज डॉलर रद्द केले: परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारण. त्याला सिनेटमध्ये साधं बहुमत पुरतं. ५१-४८ ने झालं. म्हणजे ६० जणांनी बसून केलेला सौदा नंतर ५१ जणांनी मोडायचा. ऑगस्टअखेर ट्रम्प प्रशासनाने आणखी ४.९ अब्ज डॉलर अशा बेताने अडवले की काँग्रेसला निर्णयासाठी मिळणारी ४५ दिवसांची मुदत संपायच्या आत आर्थिक वर्षच संपावं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्यातले सुमारे ४ अब्ज तूर्त अडवून ठेवू दिले. सुरुवातीला म्हटलं ना, की प्रशासनाला काय नकोसं आहे ते प्रस्तावातून कळतं; ते महत्त्वाचं झालं ते यामुळे. विधेयकात रक्कम लिहून आली की माझं काम संपायचं. आता ती खर्च होतेय का, हे महिन्या-महिन्याने बघावं लागतं.

डेमोक्रॅट्सनी जाहीर मागणी केली ती आरोग्यविम्याच्या वाढीव करसवलतींची, ज्या वर्षअखेर संपणार होत्या. मागणी खरी होती आणि मतदारांना समजणारी होती. पण तिच्याखाली हा अविश्वास होता. हाऊसने १९ सप्टेंबरला सीआर २१७-२१२ ने पास केला आणि सभागृह घरी गेलं: घ्या किंवा सोडा. सिनेटमध्ये ३० सप्टेंबरला ५५ विरुद्ध ४५. दुसऱ्या कुठल्याही संसदेत हा विजय ठरला असता. तेच मतदान पुन्हा पुन्हा झालं, आकडा फारसा हलला नाही. नोव्हेंबर उजाडताच गरिबांच्या अन्नसाहाय्याचे पैसे अडले, सुमारे ४ कोटी २० लाख लोकांचे. विमानतळांवर उड्डाणं कमी करावी लागली. ९ नोव्हेंबरला डेमोक्रॅटिक गटातले आणखी पाच जण आले आणि ६०-४० झालं. आधीचे तीन धरून आठ. विमा सवलतींवर त्यांना मिळालं ते फक्त मतदान घेण्याचं आश्वासन.

ट्रम्प यांनी त्या काळात ६० ची अटच काढून टाका असा धोशा लावला होता. सिनेटचे बहुमत नेते थून यांनी नकार दिला. ते सौजन्य नव्हतं: आज ५३ असलेले उद्या ४७ होतात, हे सिनेटमध्ये प्रत्येकाने पाहिलेलं असतं. ही अट कायम राहील की नाही, हे मात्र मी छातीठोक सांगणार नाही. नेमणुकांच्या बाबतीतही "कधीच नाही" म्हणणारेच शेवटी बदलले.

हाऊस सोपं आहे असाही समज करून घेऊ नका. मगाशी म्हटलं की पैशाच्या मतदानात राष्ट्राध्यक्षाची खुर्ची जात नाही. हाऊसमध्ये मात्र एका माणसाची गेली. ३० सप्टेंबर २०२३ ला स्पीकर केव्हिन मॅकार्थी यांनी शटडाऊन टाळायला डेमोक्रॅट्सच्या मतांनी सीआर पास केला. ३ ऑक्टोबरला त्यांच्याच पक्षाचे आठ सदस्य डेमोक्रॅट्सना मिळाले आणि २१६-२१० ने त्यांना काढलं. असं पदच्युत झालेले ते पहिले स्पीकर. तेव्हापासून स्पीकर सीआरकडे त्या आठवणीतून बघतो, आणि विरोधकांशी हातमिळवणी शेवटच्या रात्रीपर्यंत टाळतो.

कर्जमर्यादा थोडक्यात, कारण तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध दुरून आहे. खर्च आणि कर काँग्रेसनेच ठरवलेले असतात. त्यातून पडलेल्या खड्ड्यासाठी कर्ज घेऊ द्यायचं की नाही, यावर पुन्हा वेगळं मतदान. वाण्याकडून महिनाभर उधारीवर किराणा आणून झाल्यावर त्याचं बिल द्यायचं का, यावर घरात मतं घ्यावीत तसं. २०११ मध्ये हे इतकं ताणलं गेलं की एस अँड पी या पतमापन संस्थेने अमेरिकेचा पतदर्जा पहिल्यांदा खाली आणला. जुलै २०२५ च्या कायद्यात ही मर्यादा ५ लाख कोटी डॉलरने वाढवून ठेवली, तीही ५१ मतांच्याच वाटेने. म्हणून ऑक्टोबरच्या भांडणात तो धोंडा गळ्यात नव्हता. शटडाऊन आणि कर्जबुडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शटडाऊनमध्ये सरकारी रोख्यांचं व्याज चुकत नाही.

राहता राहिला तुमचा व्हिसा. "शटडाऊन होणार का?" याऐवजी "मजूर खात्याचं विधेयक पास झालंय का?" हे बघा. १२ नोव्हेंबर २०२५ ला झालेल्या कायद्यात शेती, लष्करी बांधकाम-माजी सैनिक आणि खुद्द काँग्रेसचा खर्च ही तीनच विधेयकं पूर्ण वर्षासाठी होती. मजूर खातं तेव्हा उरलेल्या नवांत होतं, ३० जानेवारी २०२६ च्या मुदतीवर. आरोग्य-शिक्षण-मजूर हे विधेयक आकाराने मोठं आणि भांडणाचं, त्यामुळे ते बहुधा शेवटच्या टोळीत असतं. ते पूर्ण वर्षासाठी मंजूर असेल तर बाकी सरकार बंद पडलं तरी तुमचं पोर्टल चालतं, २०१८ सारखं. मंजूर नसेल आणि तारीख जवळ येत असेल, तर नव्या कंपनीला एलसीए आधीच भरायला लावा. नोकरी सुरू व्हायच्या सहा महिने आधीपर्यंत तो भरता येतो आणि एरवी मंजूर व्हायला कामाचे सातेक दिवस लागतात. तो हातात असला की पुढचा अर्ज फीवर चालणाऱ्या खात्याकडेच जातो. कंपनीचा एचआर "बघू, अजून वेळ आहे" म्हणाला, तर त्याला मुदतीची तारीख ईमेलवर लिहून पाठवा आणि वकिलाला सीसी करा.